चंपाबाईचं ताट

डाख अजून थिजला नव्हता, तोच दारातून दगडाबाईची हाक आली, "वैनी, हाईसा का घरात?"

जयपालनं हातातली डाखाची, म्हणजे सोल्डरिंगची, तापलेली कांडी कशीबशी खाली टेकवली. समोर टेबलावर गाडीची चासी होती, तळहाताएवढी. गाडी खेळण्यातली, पण पोरांची नव्हे. साखर कारखान्याच्या क्लबात मोठी माणसं लाकडी ट्रॅकच्या खाचेतून विजेवर पळवतात, तसली. नियम एकच, चासी ज्यानं त्यानं स्वतः बनवायची. बाकीच्यांनी दुकानातला पातळ पत्रा कापला. जयपालनं मधे जाड पितळी पट्टी बसवली आणि दोन्ही अंगांना सायकलच्या स्पोकच्या तारा डाखल्या. गाडी वळणावर अशी चिकटून जायची, की बघणारे तोंडात बोटं घालायचे. "चौगुले, पट्टी कुठली हो?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "जुन्या बाजारातली."

जुन्या बाजारातली कसली! त्याच्या मेलेल्या आईचं ताट होतं ते. त्याची बायको ब्राह्मी अष्टमी-चतुर्दशीला त्यातून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अक्षता न्यायची. पुढच्या तिथीच्या आत दुसरं आणून ठेवू, म्हणून जयपालनं ते कापलं. चतुर्दशीला ताट सापडेना, आणि आळ आला अकरा वर्षं भांडी घासणाऱ्या दगडाबाईवर. त्या दिवशीही जयपाल इथंच बसला होता, चासीवर रुमाल टाकून. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता महिना गेला. तेवढ्या दिवसांत गल्लीतल्या आणखी तीन घरांनी दगडाबाईला कामावरून काढलं होतं.

पट्टीच्या पोटाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव तसंच होतं. कानस घेऊन ते घासायला तो तीनदा बसला आणि तीनदा उठला. मेलेल्या आईचं नाव ह्याच्यानं पुसवेना. जित्या बाईचं नाव गल्लीभर नासलं तरी ह्याची जीभ मात्र टाळ्याला चिकटलेली. वा रे पठ्ठ्या!

ब्राह्मी हात पुसत बाहेर आली. "आता आणि काय?"

दगडाबाई उंबऱ्याच्या आत टेकली. पदराखालचं फडकं तिनं सोडलं. आत नवंकोरं पितळी ताट होतं.

"घ्या वैनी. माझी लग्नातली घागर मोडीत घातली आन् ह्ये घेतलं. सासूबाईंचं नावबी घालून आणलंय. मला वाचाय येत न्हाई, बरोबर हाय का तेवढं बघा."

ब्राह्मीनं वाचलं, "चंपाबाई बाळगोंडा चौगुले." नाव बरोबर होतं. तिनं ताट खाली ठेवलं. "घेतलं नव्हतंस, तर भरून द्यायला कशाला आलीस?"

"म्या न्हाई घेतलं. पर शेवटचं माझ्याच हातनं घासलं नव्हं? समदी चोर म्हंत्यात. ताट घरात आलं म्हंजी तोंडं तरी मिटतील."

ब्राह्मी नवऱ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "बघितलंत? मी म्हणत नव्हते?"

जयपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायचं म्हणून त्यानं कांडी उचलून पुन्हा चासीला लावली. आत्ता सांगावं. दोन शब्दांचं काम. त्यानं तोंड उघडलंसुद्धा, पण बाहेर पडलं ते भलतंच.

"दगडाबाई, चहा घेऊन जा."

"नको दादा. येते मी." ती उठली आणि टेबलाच्या बाजूनं वळली. जयपालनं घाईनं चासीवर तळहात ठेवला. डाख रसरशीत गरम होता.

"आई गं!"

"आवं, भाजलं की! वैनी, तूप आना तूप!" दगडाबाईनं धावत येऊन त्याचा हात उचलला. चासी सुटून फरशीवर उलटी पडली. ब्राह्मी आत पळाली. दगडाबाईनं पदरानं धरून चासी उचलली, आणि तिचा अंगठा पट्टीच्या पोटावर थांबला.

तिला वाचता येत नव्हतं. पण त्या ठिपक्यांत अडकलेली चिंच तिनं अकरा वर्षं काथ्यानं घासून काढली होती. राठ अंगठा एकदा इकडून तिकडं गेला आणि परत आला. तिनं खालच्या नव्या ताटाकडं बघितलं. मग जयपालकडं बघितलं.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्ये मी घासलंय."

जयपालची मान खाली गेली. हाताची आग होत होती, पण त्या आगीकडं त्याचं लक्ष नव्हतं. दगडाबाई ओरडेल, बोटं मोडेल, शिव्या तरी देईल, असं त्याला वाटलं. तिनं तसलं काही केलं नाही. चासी नव्या ताटात ठेवली, नावाची बाजू वर करून, आणि पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसली.

ब्राह्मी तुपाची वाटी घेऊन आली. "काय झालं? कशानं भाजलं एवढं?"

"दादास्नीच इचारा," दगडाबाई म्हणाली. "आन् च्या टाका माझा. आता मी बसते हितंच."

ब्राह्मी वाटी ठेवायला ताटाशी वाकली. तिला वाचता येत होतं.