गुलाबाचे तीन वाली

गॅलरीतल्या गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली. सूनबाई कामावर जाताना त्याला तांब्याभर पाणी घालायची, कारण "आई कुठल्या लक्ष देताहेत!" ती गेली की आमची ही घालायची, कारण "तिला मोबाइलमधून डोकं वर काढायला सवड कुठंय!" संध्याकाळी मुलगा यायचा आणि दोघींच्या नावानं बोटं मोडत अर्धी बादली ओतायचा.

मी तिथंच पेपर वाचत बसलेला. एकदा म्हटलं, "अरे, माती जरा वाळू तरी द्या. मुळं कुजतील." तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट पेपरात तोंड खुपसलं.

शेवटी गुलाबानं मान टाकली. मुलानं तो उपटला, तर मुळं काळी पडून कुजलेली आणि कुंडीत नुसता चिखल. सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं आणि दोघी माझ्याकडे वळल्या.



"अहो, दिवसभर इथंच तर बसलेले असता! पण त्या बिचाऱ्याला कधी घोटभर पाणी घातलं असेल तर शपथ!"