शपथेच्या आधी

मोल्पिस नेमका त्याच्याच शेजारी येऊन बसला.

बाकावर जागा पुष्कळ होती, पण म्हाताऱ्याला दिसायचं कमी. काठीने चाचपत तो फिलाग्रसच्या मांडीला मांडी लावून टेकला. "कोणी आहे वाटतं इथं? असू दे, असू दे. राजा आला का रे?"

राजा म्हणजे अथेन्सने चिठ्ठी टाकून वर्षापुरता निवडलेला अधिकारी. देवाधर्माचे खटले त्याच्यापुढे चालायचे. तो अजून यायचा होता, पण फिलाग्रस बोलला नाही. भर बाजारात साक्षीदार घेऊन मोल्पिसला खटल्याचं बोलावणं त्यानेच ऐकवलं होतं. म्हाताऱ्याला तेव्हा चेहरा दिसला नव्हता, आवाज मात्र ऐकू गेला होता. आता तोंड उघडलं की संपलंच.

"पोरांना वीणा शिकवतो मी," मोल्पिस आपणहून सांगू लागला. "एकदा सहज विचारलं त्यांना, चोरीचा बोकड कापला तर देव तो प्रसाद घेत असतील का रे? झालं! देव बाटले." तो स्वतःशीच हसला. "फिलाग्रस म्हणून कोणी आहे, त्याने फिर्याद केलीय. मी तर ओळखतही नाही. तू ओळखतोस?"

फिलाग्रसने नकारार्थी मान हलवली. मग त्याच्या लक्षात आलं, याला मान कुठे दिसतेय.

"भ्यायलास होय? तुझीही तारीख दिसतेय. घे, भाकरी घे. उपाशीपोटी राजापुढे जाऊ नये." म्हाताऱ्याने जवाची भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. फिलाग्रसने तुकडा तोंडात घातला.

त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं एरिक्सिसने. एरिक्सिसचा मुलगा मोल्पिसकडे शिकायचा आणि घरी येऊन बापाला नको ते प्रश्न विचारायचा. "तू फिर्याद कर, नाव होईल तुझं," एरिक्सिस म्हणाला होता. "शिक्षा मरणाचीच माग. सगळे तीच मागतात. म्हातारा दुसऱ्या दिवशी शहर सोडून शेजारच्या मेगाराच्या वाटेला लागेल." शहराची रीतच होती ती. शिक्षा मोठी मागायची, आरोपी पळून जातो, रक्त कोणाच्याच हाताला लागत नाही. मोल्पिस मात्र पळाला नव्हता. आणि एरिक्सिसला नेमकी आजच शेताची आठवण झाली होती.

फिर्याद मागे घ्यावी तर भलामोठा दंड आणि गावभर छी थू. पुढे रेटावी तर या म्हाताऱ्याच्या हातात विषाचा पेला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. फिलाग्रसला रडू यायचं बाकी होतं.

"काका, पळून जा," तो एकदम बोलून गेला. "अजून वेळ आहे. मेगाराच्या वाटेवर तुम्हाला कोणी अडवणार नाही."

मोल्पिसचं चावणं थांबलं. "अच्छा," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे तूच तो."

"मी मनापासून सांगतोय."

"ते कळतंय मला. मी पळावं, म्हणजे तू सुटशील."

"तुम्हीही सुटाल ना!"

"आणि माझी पोरं? त्यांना काय वाटेल? मास्तरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर यायच्या आत ढुंगणाला पाय लावून पळाले?"

"काका, ते मारतील हो तुम्हाला!"

"ते कशाला मारतील? त्यांच्यापुढे आधी कोणीतरी माझं मरण मागावं लागतं, पोरा."

राजा आला, आणि आतून दोघांच्या नावाचा पुकारा झाला. मोल्पिस उठला, काठी बगलेत धरली आणि हात पुढे केला. "चल, ने मला. वाट तुला ठाऊक आहे."

फिलाग्रसने त्याचा हात धरला. लोक बघत होते. फिर्यादी आरोपीला सांभाळून घेऊन चालला होता, आणि मध्येच थांबावं असं कितीही वाटलं तरी पाय पुढेच पडत होते. ज्यावर चढून फिर्याद खरी असल्याची शपथ घ्यायची, त्या दगडापाशी तो थबकला.

"आला का दगड?" मोल्पिसने विचारलं. "मग चढ. आधी फिर्यादीने चढायचं असतं."

फिलाग्रस चढला. राजा शपथेचे शब्द सांगू लागला. फिलाग्रसने आपला हात सोडवून घ्यायला पाहिलं. मोल्पिसने तो आणखी घट्ट धरला.

"घे, शपथ घे," म्हातारा हळूच म्हणाला. "मी धरलंय तुला. दगड गुळगुळीत आहे, पडशील."