ताटाचं कडवं

सदलग्याच्या जैन मंदिरातली जुन्या काव्याची पोथी वाळवीनं खाल्ली होती. धर्माची पोथी छापायला गावाचा विरोध, म्हणून नेमगोंडा बेळगावच्या हायस्कुलातून दर सुट्टीत येऊन ती हातानं उतरून काढायचा. तिच्यातल्या एका कडव्यानं त्याला वेड लावलं होतं. राजपुत्र दीक्षा घेऊन निघून जातो, तरी त्याची आई रोज त्याचं ताट वाढून वाट बघते.

नवी पोथी पुरी झाली, मंदिरात पूजेला लागली. नवी आली की जीर्ण पोथी नदीला द्यायची, हा रिवाज नेमगोंडाच्या ध्यानीमनी नव्हता. तो धापा टाकत दूधगंगेवर पोचला, तोवर मंदिराचे पुजारी उपाध्ये गुरुजी यांनी ती पाण्यात सोडलीही होती.

"गुरुजी, घात झाला! वाळवीनं खाल्लेल्या जागी मी माझ्याच ओळी घातल्यात. जुनीतली भोकं बघून त्या ओळी तुमच्याकडनं नीट करून घेणार हुतो. आता लोक माझ्या ओळींच्या पाया पडणार!"

गुरुजींनी ओले हात धोतराला पुसले. "व्हय रं. मी पण असाच बोंबललो हुतो, ह्याच घाटावर. ही आता सोडलेली पोथी मी उतरली तवा."

नेमगोंडानं त्यांचा हात धरला. "पण ते ताटाचं कडवं? ते तरी कवीचंच न्हवं?"

गुरुजींनी वाहत्या पोथीला हात जोडले.

"त्या साली प्लेगात माझा थोरला भाऊ गेलता. आमची आई रोज त्याचं ताट वाढायची."