दात रुतेपर्यंत

चढ निम्मा सरला आणि लोडरच्या डाव्या चाकांनी दम सोडला.

भीमाशंकरने डाव्या-उजव्या चाकांचे दोन्ही दांडे पुढे रेटले. इंजिन ओरडलं, उजवी चाकं फिरली, डावी नुसतीच थरथरली. मशीनचं तोंड डावीकडे वळायला लागलं. डावीकडून मागेपर्यंत शेततळ्याचा खोल कोपरा होता, तिथं गाळाचं काळं पाणी पुरुषभर साचलेलं. त्याने उजवा दांडा चटकन ढिला केला. तोंड वळायचं थांबलं, पण अख्खं मशीन वीतभर मागे सरकलं.

"शिवा शिवा," तो पुटपुटला.

त्या जुन्या लोडरला ना गिअर, ना क्लच. पंपाने रेटलेल्या तेलाच्या जोरावर चाकं फिरायची आणि त्याच जोरावर चढावर थांबायची. हातब्रेक कधीचाच निकामी. इंजिन बंद केलं की तेलाचा जोर जाणार आणि मशीन सरळ पाण्यात. चालू ठेवलं तर तेल आणखी तापणार, आणखी पातळ होणार आणि जोर घटत जाणार. त्याने गाळाने भरलेली बकेट खाली टेकवली. ओल्या चढावर तीही मशीनसोबत घसरली. आता एकच उरलं होतं. गाळ ओतून बकेट पुढे कलती करायची आणि तिचे दात जमिनीत रुतवायचे. रुतण्याआधी मशीन मागे एक हिसका देणार, हे त्याला ठाऊक होतं. रुतले नाहीत तर पुढचा हिसका पाण्यातच.

वर बांधावर त्याची बायको शिवकन्या उभी होती. गाळ कुठे टाकायचा ते सकाळपासून तीच हाताने दाखवत होती. तळ्याचे मालक गुरुपादप्पा ट्रॅक्टर आणायला धावत सुटले होते, पण ट्रॅक्टर दूरच्या रानात होता.

"उडी मारा!" शिवकन्या ओरडली. "मशीन जाऊ द्या, तुमी जल्दी उडी मारा!"

लोडरमधून उतरायची वाट एकच, समोरून, बकेटवरून. भीमाशंकरने मनाचा हिय्या केला. दांडे सोडायचे आणि झेप घ्यायची. त्याने मान वर केली.

बांधावर शिवकन्या नव्हती.

त्याने उजवीकडे बघितलं. नव्हती. केबिनच्या डावीकडच्या जाळीतून फक्त पाणी दिसलं. तेवढ्यात पाठीमागे टायरला दगड घासल्याचा आवाज आला. ती मागे होती. सरकत्या मशीनच्या मागे, चाकाला दगड लावत.

"शिवकन्ये, बाजूला हो! मागून निघ!"

आवाज इंजिनात विरून गेला. बसल्या जागेवरून मागचं काही दिसत नव्हतं. दांडे सोडले तर ती चाकाखाली. बकेट कलती केली तर हिसका तिच्या अंगावर. त्याने डावा दांडा पार पुढे दाबून धरला आणि उजवा केसाकेसाने मागेपुढे करत राहिला. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात नव्हता. तेलाचा करपट वास यायला लागला. मशीन बोटभर सरकलं. थांबलं. पुन्हा बोटभर सरकलं. दरवेळी तो किंकाळी ऐकायला कान देत होता. किंकाळी येत नव्हती. हे चांगलं की वाईट, तेही त्याला कळत नव्हतं.

मग उजव्या जाळीवर चिखलाने माखलेला एक हात पडला. शिवकन्या कडेकडेने रांगत पुढे आली आणि दोन्ही हात हलवत ओरडली, "लावले! दोनी बाजूला दगड लावले!"

"लांब पळ!"

ती बांधावर पोचेपर्यंत त्याने दांडे तसेच धरून ठेवले. मग बकेट कलती करायच्या पेडलवर पाय दाबला. गाळ ओतला गेला, मशीनने मागे हिसका दिला, त्याने डोळे मिटले. दात रुतले. चाकं दगडांवर चढून बसली. त्याने इंजिन बंद केलं, तरी मशीन जागचं हललं नाही.

उदगीरहून अमरनाथ मिस्त्री आला. त्याने तेलाची पट्टी काढून उन्हात धरली. "ताकावानी फेस हाय. पंप तेल कमी अन् हवाच जास्त ओढायलाय. डाव्या चाकांची मोटर आधीच झिजलेली, तिनं पहिली मान टाकली." टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीचा पट्टा ढिला झाला होता. त्याने तो आवळला, तेल निवू दिलं, कमी होतं तेवढं भरलं. पुढे गुरुपादप्पांच्या ट्रॅक्टरची साखळी लावून लोडर वर आला. आत दुसऱ्या कुणाला भीमाशंकरने बसू दिलं नाही.

"चला, घोटभर चहा घ्या," म्हणत गुरुपादप्पा अमरनाथला घेऊन शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीकडे गेले. बांधावर दोघंच उरली.

"मागं कशाला गेलतीस?" भीमाशंकरने विचारलं. नको तेवढा आवाज चढला होता.

"तुमी उतरत नव्हताव म्हनून."

"उतरायलोच होतो की. दांडे सोडनार, तेवढ्यात तू वर दिसली न्हाईस."

शिवकन्या त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली चढाकडे, मग काळ्या पाण्याकडे. तिने साडीला हात पुसायला घेतले आणि ती तिथंच मटकन खाली बसली. "म्हंजे तुमी दांडे सोडले असते तर मी चाकाखालीच होते की," ती म्हणाली, आणि भीमाशंकरने तिचे चिखलाचे हात दोन्ही हातांत घट्ट धरले.