साहेबांची बाटली

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढून बोलू लागले की बातमी बरी नसते, हे आईला चार वर्षांत पाठ झालं होतं.

मुलीच्या लघवीतली बिघाडाची खूण वाढली होती. नवी किडनी शरीराला नकोशी झाली, तरी रक्त बरेच दिवस मूग गिळून बसतं. लघवी मात्र लगेच चहाडी करते. म्हणून तर दर महिन्याला ही तपासणी. साधे जंतू असोत की शरीराचं भांडण, वाट बघायला नको, उद्याच ओटीपोटातून सुई घालून किडनीचा कण काढून पाहू, असं बाई म्हणाल्या.

बाबांचा हात आपसूक डाव्या कुशीवर गेला. किडनी त्यांचीच होती, वर्षापूर्वी दिलेली. आज त्यांचीही वार्षिक तपासणी होती आणि रिपोर्ट चोख आला होता. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी मिळाले, तेही नको त्या दिवशी.

नऊ वर्षांची लेक टेबलाच्या कडेवर नखानं रेघा ओढत होती. घरी तिला सगळे साहेब म्हणत. ऑपरेशनआधी दोन वर्षं ती डायलिसिसवर होती, तिला लघवीच होत नव्हती. त्यामुळे आता ती सकाळी बाथरूममध्ये शिरली की घर श्वास रोखून उभं राही, आणि भरलेली बाटली घेऊन बाहेर आली की आजोबा पेपर बाजूला ठेवून उठून उभे राहत. एवढ्या कामासाठी एवढा मान भल्याभल्या अधिकाऱ्यांना मिळत नाही.

साहेबांनी मान वर केली नाही. "ती बाटली माझी नव्हती. बाबांची होती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिला सुईची धास्ती होती. बाथरूमच्या फळीवर दोघांच्या बाटल्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्या रबरबँडनं लावलेल्या. तिनं चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. यात लबाडी कसली, असं तिचं म्हणणं. दोन्ही किडन्या मुळात बाबांच्याच. फक्त त्यांच्याकडे उरलेली जास्त मुरलेली, त्या किडनीचा रिपोर्ट चांगला येणार, एवढाच तिचा हिशेब.

कुणी रागावलं नाही. रागवायला कुणाला सुचलंच नाही. बाईंनी दोघांच्या नव्या बाटल्या भरून घेतल्या. या खेपेला परीक्षेतल्यासारखी नर्स दाराशी उभी राहिली, बाबांच्याही.

दोन तास गेले. आई बाहेरच्या बाकावर लेकीचा हात धरून बसली. तो हात सुटला तर रिपोर्ट बिघडेल, अशा बेतानं तिनं तो धरला होता. बाबांना एकट्याला आत बोलावलं.

साहेबांची लघवी स्वच्छ होती. जंतू बाबांच्या लघवीत निघाले. आठ दिवस जळजळ होत होती. ते उन्हाच्या नावावर खपवून गप्प बसले होते. आठवडाभर गोळ्या, भरपूर पाणी, सुई कुणालाच नाही.

बाबा जवळजवळ धावतच बाहेर आले. दालनात पन्नास माणसं बसली होती. नोकरीत बढती मिळाल्याच्या आवाजात ते म्हणाले, "अगं, मीच आजारी आहे."

नवऱ्याला साधी शिंक आली तरी घर डोक्यावर घेणारी आई उठली, त्या पन्नास जणांदेखत तिनं हात जोडले आणि म्हणाली, "देव पावला."