लाल दिवा

“परत लाल,” फोनवर हिल्का म्हणाली.

हिल्का कुओपिओ या फिनिश शहरातल्या इस्पितळातली नर्स. बर्फावरून घसरलेल्या गाडीतली दोन माणसं तिच्यासमोर शेजारशेजारच्या खाटांवर होती, आणि एकाचा चेहरा रक्तावाचून पांढराफटक पडत चालला होता. मनगटाच्या पट्टीवरचा क्रमांक आणि रक्ताच्या पिशवीवरचा क्रमांक एकच असला, तरच हिरवा दिवा लागून पंप सुरू व्हायचा. क्रमांक अक्षर न् अक्षर जुळत होता, पण दिवा हटून बसला होता. वैतागून हिल्काने पिशवी दोघांसाठी आणलेल्या बाकीच्या पिशव्यांत ठेवून दिली.

क्रमांक जुळवून बघणारा प्रोग्रॅम आजच सुरू झाला होता. इकडे ऑफिसात तो लिहिणारी साइला फोन कानाला लावून एकेक ओळ तपासत होती. तिचा वरिष्ठ योर्मा मागे येऊन उभा राहिला. “तपासणीच काढून टाक. तिकडे माणूस जातोय आणि तू अक्षरं कसली जुळवतेस?”

“थोडं थांब, योर्मा.”

तिला चूक दिसली होती. दोन्ही क्रमांक सारखे वाचले जातात का, हे प्रोग्रॅम बघतच नव्हता. दोन्ही म्हणजे यंत्रात ठेवलेली एकच प्रत आहे का, एवढंच तो बघत होता. आतलं वरण तेच का, हे सोडून वाटी तीच का, असं विचारण्यातला प्रकार. चाचणीत दोन्ही क्रमांक प्रोग्रॅममध्येच लिहिलेले होते, यंत्राने काटकसर करून एकच प्रत ठेवली, आणि सगळं हिरवंगार दिसलं. इथे एक पट्टीवरून आला, दुसरा पिशवीवरून. अक्षरं तीच, पण प्रती दोन.

तिने ती ओळ बदलली, दोन वेगळ्या प्रती घेऊन तपासली आणि इस्पितळात पाठवली. “आता लाव.”

“लाल,” हिल्का म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

“झालं समाधान?” योर्मा ओरडला. “काढ ती तपासणी. जबाबदारी माझी.”

साइलाला रडू येत होतं. तपासणी बंद करायच्या बटणावर तिचं बोट आलं. खाली जाता जाता ते थांबलं.

“हिल्का, हातातल्या पिशवीवरचा क्रमांक मोठ्याने वाच.”

 हिल्काने पिशवीवरचा क्रमांक वाचायला घेतला, मग पट्टीवरचा पाहिला.

“साइला,” हिल्का हळूच म्हणाली, “ही शेजारच्या खाटेची आहे.”