पहिली गाडी

साडूच्या माळ्यावर आम्ही दोघांनी खपून छोट्या आगगाडीचा अख्खा मार्ग उभारला. डबे त्यानं जोडले, रूळ मी बसवले. पहिली गाडी दोघांनी मिळूनच सोडायची, असं ठरलं होतं आणि नेमका तेव्हाच माझा पाय मोडला.

दोन महिन्यांनी कुबडी टेकत कसाबसा जिना चढलो.

"तुमच्याशिवाय गाडी इंचभर हलवली नाही, साडूभाऊ! वरची चादरसुद्धा उचलली नाही. आधी रूळ घासून घ्या, नुसते पडून पडून काळवंडले असतील."

मला भरूनच आलं. असा साडू मिळायला नशीब लागतं, म्हणत मी चादर ओढली.



रूळ लख्ख चमकत होते. रोज चाकं फिरली, तरच चमकतात तसे.